सोमवारचं मौन

सरांनी माझी चिठ्ठी उघडली, मनात वाचली आणि मग सगळ्या बॅचला ऐकू जाईल अशी पुन्हा वाचली.

"‘आज माझे मौन आहे. क्षमा असावी.’"

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मागच्या टेबलावर कुणीतरी खिदळलं आणि सगळी प्रयोगशाळा हसायला लागली.

सर हातातलं हाड माझ्यापुढे धरून उभे होते. "म्हणजे याचं नाव तू सांगणार नाहीस?"

मी मान खाली घातली.

"बरं. मग तोंडी परीक्षा देवालाच घ्यायला सांग. मार्कही तोच देईल." त्यांनी माझ्या नावापुढे शून्य मांडलं. "नेक्स्ट."

ते हाड खांद्याचं होतं. मला नाव येत होतं.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. सिन्नरच्या शाळेत मी दहावीला पहिली आले होते. डॉक्टर व्हायचं म्हणून वडिलांनी मला नाशिकला अकरावी सायन्सला घातलं आणि पंचवटीत चिमणाबाईंकडे खोली पाहून दिली. चिमणाबाई एकट्याच होत्या, कानाने थोड्या कमी. त्यांच्या देवघरात सकाळ-संध्याकाळ दिवा लागायचा, म्हणून वडील निर्धास्त झाले. मलाही बरं वाटलं. आईमुळे नेमधर्माची सवय मला लहानपणापासूनच होती. त्यात नाशिकला आल्यावर मी एक नेम वाढवला. दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन, मेडिकलला नंबर लागेपर्यंत.

आमच्या बॅचचं बायॉलॉजीचं प्रॅक्टिकल सोमवारीच असे. हजेरीला मी हात वर करायची, पण सर मस्टरमधून डोकं वर काढत नसत. मग काचेची भांडी पुसता पुसता पुंजाराममामा म्हणायचे, "हाय सर ती. मागं बसलीय."

मामा तिथले शिपाई. एकदा सर त्यांच्यावर खेकसले, "तुम्ही कशाला बोलता? तिला तोंड नाही का?" तेव्हापासून मामा गप्प झाले आणि माझ्या नावापुढे गैरहजेरी लागत गेली. वर्षभर मी एकही सोमवार चुकवला नव्हता.

एप्रिलमध्ये निकाल लागला. बायॉलॉजी आणि फिजिक्स, दोन्हीत नापास. ऑफिसातल्या बाईंनी काचेच्या खिडकीतून सांगितलं, "जूनला फेरपरीक्षा आहे. त्यात गेलीस तर सायन्स विसर. दाखला घे आणि आर्ट्सला जा."

वडिलांचं कार्ड आलं. फार लिहिलं नव्हतं. ‘जूनला पास झाली नाहीस तर सामान घेऊनच ये. इथे आर्ट्सला नाव घालू. जिवाला त्रास करून घेऊ नये.’ ती शेवटची ओळ वाचून मला जास्त रडू आलं.

सुट्टीत बाकीच्या मुली गावी गेल्या. तशाही त्या माझ्याशी कुठे बोलत होत्या? मी रोज कॉलेजच्या वाचनालयात जायची आणि रिकाम्या बाकांमध्ये बसून पुस्तकं उघडायची. दिवसच्या दिवस माझा आवाज माझ्याच कानांवर पडत नसे. चिमणाबाईंना भाजी वाढू का विचारलं तर त्या "काय?" म्हणायच्या आणि मी नुसती पळी दाखवायची.

एके दिवशी दुपारी प्रयोगशाळेचं दार उघडं दिसलं. आत मामा सांगाड्याची धूळ झटकत होते.

"काय ताई, आज कोन वार?"

"मंगळवार."

"मंग बोलाया हरकत नाय." त्यांनी कपाटातून एक हाड काढून टेबलावर ठेवलं. "ह्ये काय?"

"फेमूर," मी पुटपुटले.

मामांनी बोटाचं पेर टेबलावर आपटलं. टक्. "चुकलं."

"मामा, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"वाचता येत नाय. तीस वर्सं पोरांच्या तोंडी ऐकतोय ना. चुकलेलं बराबर ऐकू येतं. फीमर म्हन. मोठ्यानं म्हन, त्या सांगाड्याला ऐकू गेलं पायजे."

मग मी रोज जाऊ लागले. मामा एकेक वस्तू काढायचे, मी नाव सांगायची. चुकलं की टक्. बरोबर आलं की काहीच नाही, पुढची बरणी. शाबासकी देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

उंदराचं पोट उघडून ठेवलेली बरणी आली तेव्हा पुस्तकात समोरच ‘डायाफ्रॅम’ शब्द होता. मी तिथे थांबले.

"काय झालं?"

मी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला पुस्तकातला उतारा वाचायला लावला होता. जसं लिहिलंय तसं मी वाचलं, ‘डायाफ्राग्म’. वर्ग इतका हसला की सरांनाही हसू आवरेना. पुढे सहा महिने मुली मला फ्राग्मच म्हणत होत्या.

मामांनी हातातलं फडकं पिळलं.

"एक इचारू का पोरी? राग नको मानू. त्या पोरी हसल्या त्ये आधी, का तू नेम धरला त्यो आधी?"

मला उत्तर माहीत होतं. पुस्तक उचललं आणि त्या दिवशी न सांगताच निघून आले.

दोन दिवसांनी फेरपरीक्षेचं वेळापत्रक लागलं. बायॉलॉजी तोंडी, सोमवार, सकाळी अकरा.

चिमणाबाईंच्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं सांगितलं. एवढ्या मोठ्याने मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. त्या तांदूळ निवडत होत्या.

"अगं, मग नेम मोडू नकोस. बदलून माग."

"असा बदलून मिळतो?"

"मागून तर बघ. देव काय रेशनवाला आहे का, आज नाही उद्या ये म्हणायला?"

रविवारी संध्याकाळी मी पंचवटीतल्या कपालेश्वर महादेवाला गेले. आमच्या सिन्नरला महादेवापुढे नंदी आहे. आई नेहमी त्याच्या कानात हळूच काहीतरी सांगायची. दुसरा कान हाताने झाकायची, म्हणजे सांगितलेलं बाहेर जात नाही. मीही लहानपणापासून तसंच केलं. मनातलं जे काही असेल ते नंदीच्या कानात, ओठांतल्या ओठांत. पुढे देवाला सांगायचं ते तो सांगेल.

कपालेश्वरापुढे नंदी नाही. हे अख्ख्या नाशिकला माहीत आहे, मलाही होतं. वर्षभर मी तिथे जातही होते. पण त्या दिवशी गाभाऱ्यापुढे उभी राहिले आणि पहिल्यांदाच नीट लक्षात आलं, की इथे आपलं म्हणणं पोचवायला कुणी नाही. सांगायचं तर स्वतःच सांगावं लागेल, आणि आवाजात.

मागे दर्शनाला माणसं उभी होती.

"देवा," मी म्हणाले. आवाज फाटला. पुन्हा म्हणाले, "देवा, मौन मी तुझ्यासाठी धरलं नव्हतं. मला लोक हसतील म्हणून धरलं होतं. ते परत घे. त्याबदली रोज एक पान मोठ्याने वाचीन. जन्मभर."

मागची बाई म्हणाली, "आटप गं बाई, रांग आहे."

सोमवारी सरांनी पुन्हा तेच हाड उचललं. मुद्दाम की सहज, ठाऊक नाही.

"स्कॅप्युला," मी म्हणाले. "उजव्या बाजूचं."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मौन सुटलं का?"

"नाही सर. बदलून घेतलं."

ते हसले नाहीत. पुढचं विचारलं, त्याच्या पुढचं विचारलं. दाराशी मामा रिकामी बादली धरून उभे होते आणि कुठेच टक् झालं नाही.

मी दोन्ही विषयांत काठावर पास झाले. बारावीला मन लावून अभ्यास केला तरी एमबीबीएसला मार्क कमीच पडले. आयुर्वेदाला नंबर लागला. झाले डॉक्टर. सरकारी नोकरी लागली, हरसूलच्या दवाखान्यात. लग्नाचं पाहता पाहता राहून गेलं. क्वार्टरमध्ये पहाटे दिवा लावते आणि एक पान मोठ्याने वाचते. ऐकायला कुणी नसतं. तरी नेम म्हणजे नेम.

मामा निवृत्त झाल्याचं कळलं होतं. भेटायला जायचं दरवर्षी ठरवत होते. दोन हजार सहाच्या चैत्रात कॉलेजचा एक जुना क्लार्क दवाखान्यात भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "पुंजारामला झटका आला. अंथरुणावरच आहे."

त्या रविवारी मी गेले. नाशिकच्या द्वारका चौकामागे दोन खोल्यांचं घर. बाहेर ट्रकचे हॉर्न सारखे वाजत होते. मामांच्या बायकोने, सरुबाईंनी, दार उघडलं.

"सा म्हैने झाले. उजवं अंग गेलं नि वाचा पन गेली. वळखीतात का नाय, त्ये बी कळत नाय. तुमी कोन म्हनायच्या?"

"मी संध्या. सिन्नरची. मामांनी मला शिकवलंय."

"यांनी?" सरुबाई हसल्या. "ह्ये तर शिपाई व्हते, बाई."

मामा छताकडे पाहत पडले होते. मी नाडी पाहिली, गोळ्या पाहिल्या, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची ते सरुबाईंना दाखवलं. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवशीचं पान माझं वाचायचं राहिलं होतं. पिशवीत अकरावीचं बायॉलॉजीचं पुस्तक आणलेलं होतंच. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि वाचायला सुरुवात केली, हॉर्नच्या वर आवाज जाईल इतक्या मोठ्याने.

मामा छताकडेच पाहत होते.

अर्धं पान झालं. पुढे तो शब्द आला.

"डायाफ्राग्म," मी वाचलं आणि थांबले.

आत स्टोव्ह फुरफुरत होता. मग मामांचा डावा हात जरासा हलला, बोट दुमडलं, वर उचललं गेलं आणि खाली आलं.

खाली गोधडी होती. आवाज झाला नाही.

"डायाफ्रॅम," मी म्हणाले आणि पुढची ओळ वाचायला घेतली.