शिरोरेषा खाली

मी उठावाची पाटी बोलतेय. माझ्या काळ्या रबराखाली दहा हजार टाचण्या आहेत. हुकूम आला की त्यांतल्या काही वर येतात, काही खाली बसतात आणि माझ्या अंगावर हवं ते उठतं, नकाशा म्हणा, बटण म्हणा, अक्षरं म्हणा. बोट फिरवलं की कळतं. मला स्वतःला यातलं काही करायचं नसतं. फक्त उठायचं आणि बसायचं.

कारखान्यातल्या तपासनीस बाईने माझ्यावर एक मासा उठवून पाहिला आणि मला खोक्यात भरलं. तिथून मी एका म्हाताऱ्याच्या टेबलावर आले. जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेला हा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली. दूर राहणाऱ्या मुलीची पत्रं फोनवर येत, ती सून वाचून दाखवी. त्याला ती स्वतः वाचायची होती. म्हणून मला आणलं, तेही आठ दिवसांच्या बोलीवर. जमलं नाही तर परत.

सात दिवस जमलं नाही. पाहुणे मला उगाच हातात धरून बघत. म्हाताऱ्याचं बोट मात्र ओळीवरून सरळ जाई आणि अडखळे. साधा 'क' लागेना.

शिकवायला येणारा तंत्रज्ञ सुनेच्या कानाशी म्हणाला, "वय झालंय, मॅडम. बोटं बधिर होतात."

म्हातारा काही बहिरा नव्हता. "बोटं ठणठणीत आहेत! तुमच्या खिळ्यांनाच अक्कल नाही. शिरोरेषा वर कशाला? खाली हवी."

तंत्रज्ञ हसला. सून हसली नाही. जुळाऱ्याच्या हातातलं अक्षर उलटं असतं, शिरोरेषा तळाला. कागदावर उमटल्यावर ते सुलटं होतं. पन्नास वर्षं बोटांनी तेच ओळखलं होतं. तिने सेटिंग शोधून अक्षरांची डोकी खाली केली.

म्हातारा खडाखडा वाचू लागला. मुलीचं आठवड्यापूर्वीचं पत्र होतं. 'बाबा, मी मजेत आहे.' दोन ओळी वाचून झाल्या की मी नव्या दोन उठवी.

"आता दमलात, बाबा. उरलेलं उद्या वाचा ना," सून घाईने म्हणाली. तोवर पुढच्या ओळी उठल्याच होत्या: 'वहिनी, पुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस. हे सोडून गेले. वर्ष झालं, मी एकटीच राहते.'

बोट त्या ओळीवरून तीनदा गेलं. रबराला ओल चालत नाही. सुनेने मला फडक्याने पुसलं.

"ओळी गाळल्यास तू," तो म्हणाला.

"ताईंनीच सांगितलं होतं, बाबा."

"आम्हीही गाळायचो. मजकूर मावला नाही की." त्याने मला बाजूला सारलं. "तिला लिही, निघून ये म्हणावं. इथे जागा आहे."

मला कुणी परत पाठवलं नाही. पुढच्या महिन्यात मुलगी आली, ती राहिलीच. आता दोघं दिवसभर बोलतात, भांडतातही. पत्रं येत नाहीत, त्यामुळे मी बहुतेक वेळ सपाट पडून असते. त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच सांगणं आहे, टेबल समजून माझ्यावर गरम कप ठेवू नका.