आक्षेपाचं पान

आमच्या बाईंच्या वर्गात निबंधाचे नियम तीनच. काय म्हणायचंय ते पहिल्या ओळीत सरळ सांगा. सोपं लिहा. आणि आपल्याच म्हणण्यावर असा आक्षेप घ्या, की शत्रूलाही सुचला नसता. या तिसऱ्या नियमाशी सगळ्यांची गाडी अडते.

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी संध्याकाळच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकतो. नाव आधी मी घातलं होतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवून झाल्या, की दोन तास माझे स्वतःचे. आठवड्याच्या आत ही मागोमाग हजर. "ताई, तुमच्यामुळे मलाही धीर आला," म्हणाली. स्वयंपाकघर वाटून घेतलं, सासूबाई वाटून घेतल्या, आता तत्त्वज्ञानही घ्या म्हणावं. वर हिने प्रश्न विचारला की बाई मान डोलावणार. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

बाईंच्या हाताखाली संशोधनाला यंदा एकच जागा होती आणि ती निबंधावर ठरणार होती. ती मला हवी होती. लग्नानंतर इतकं दुसरं काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

जावेने तिचा निबंध आधी मला वाचायला दिला. पहिली ओळ अशी: मनात कुणाचं वाईट चिंतलं, पण हातून काही केलं नाही, तर त्यात चूक काही नाही. झकास लिहिलं होतं मेलीने. पण दुसऱ्या पानावर मला भोक दिसलं, चांगलं मूठभर. अहो, काही न करूनही माणूस दुसऱ्याचं वाटोळं करतोच की. बोलायच्या वेळी गप्प बसलं की झालं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आक्षेप म्हणून काहीतरी मिळमिळीत लिहून ठेवलं होतं.

"काही राहिलंय का हो, ताई?" तिने विचारलं. मी कढई घासत होते, ती घासतच राहिले. तिने ते चांगल्या अर्थाने घेतलं आणि निबंध बाईंना देऊन टाकला.

शुक्रवारी बाईंनी आम्हा दोघींनाच थांबवून घेतलं. मला म्हणाल्या, "तुमचा निबंध नीटनेटका आहे." जावेला म्हणाल्या, "तुमचा याहून चांगला होईल, पण आक्षेप फुसका आहे. सोमवारपर्यंत तेवढं एक पान पुन्हा लिहा, मग ठरवू."

रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.

"दोन दिवस डोकं खाजवतेय, ताई," ती म्हणाली. "बहुतेक आक्षेप नसेलच. तुम्ही एवढं बारकाईने वाचलंत, तुम्हालाही कुठे सुचला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला सुचला नाही? मला? अजून एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं तर जागा माझी होती. पण हिने मला आपल्या पंक्तीला बसवावं, हे काही सोसवेना.

"वाचताक्षणी सुचला होता," मी म्हणाले. "समज, एका बाईने जावेचा निबंध वाचला. त्यातली चूक तिला दिसली. जागा जावेला मिळू नये म्हणून ती गप्प बसली. हातून काय केलं तिने? काही नाही. मग तिचं काही चुकलं नाही म्हणायचं?"

तिच्या हातून चादरीची टोकं सुटली. आता ही रडेल, भांडेल, दिरांच्या कानावर घालेल, असं वाटलं. तिने वाकून टोकं उचलली, झटकली.

मग म्हणाली, "हे लिहिलं तर चालेल?"

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते मी?

जागा तिला मिळाली. बाईंनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. जावेच्या जागी तिने 'मैत्रीण' घातलं होतं, तेवढी दया केली. "असं उदाहरण सुचायला माणसं ओळखावी लागतात," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या निबंधात सगळ्यात चांगलं जे होतं ते माझं होतं, आणि तसं कुणाला सांगायची सोय नव्हती.