हद्दीचा वाटाड्या

त्या उन्हाळ्यात हद्द आखायला दोन अंमलदार आले. एक झारचा, दुसरा पश्चिमेकडच्या राजाचा. वाटाड्या म्हणून त्यांनी हुओतारला बोलावलं. जमीन कमी आणि तळी जास्त अशा त्या उत्तरेच्या मुलखाची त्याच्याइतकी खडानखडा माहिती तिथल्या सामी जमातीत दुसऱ्या कुणालाच नव्हती.

बायको नास्ती त्याच्या बुटांत मोज्यांऐवजी वाळलं गवत कोंबत म्हणाली, "वाट दाखव आणि गप परत ये. माहीत आहे ते सगळं ओकत बसू नकोस."

"अगं, साठ वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काही विचारतंय!"

"म्हणूनच सांगतेय."

तीन आठवडे तो त्यांच्यापुढे चालला. नदीला उतार कुठे, सॅमन मासा कधी चढतो, कुठल्या तळ्यात कुणाचं जाळं, सगळं सांगितलं. हिवाळ्यात आम्ही आत जंगलात असतो, वसंतात रेनडियर घेऊन खाडीवर उतरतो. खाडीतल्या माशांवरच वर्ष निघतं, हेही. झारचा अंमलदार सारखा लिहून घेत होता. हुओतारला भरून आलं. मग तो जुन्या काळात शिरला.

"माझ्या पणज्याच्या वेळी एकाच हिवाळ्यात तीन राजांची माणसं कर म्हणून कातडी वसूल करायला यायची. आम्ही तिघांनाही द्यायचो आणि कुठेही फिरायचो. अडवणारं कोण होतं?"

दुभाष्याने सांगितलं तसे दोघे अंमलदार एकमेकांकडे बघून हसले. पश्चिमेकडचा म्हणाला, "तिघांना कर दिला, म्हणजे तुम्ही एकाचेही नाही. मग वाटून घ्यायला हरकत कसली?"

हुओतारही हसला. त्याला वाटलं, साहेब थट्टा करतायत.

बर्फ पडल्यावर धर्मगुरूने देवळात नव्या हद्दीचा नकाशा वाचून दाखवला. जंगल झारकडे आलं, खाडी पश्चिमेकडच्या राजाकडे गेली. धर्मगुरूचा आवाज थांबला तरी कुणी जागचं हललं नाही. नास्तीचा भाऊ एव्वान तेवढा वळला.

"कुठल्या काठाला मासा आहे ते त्यांना स्वप्नात दिसलं का रे, हुओतार?"

वसंतात सगळे नेहमीसारखे खाडीकडे उतरायला नदीवर गेले. आता नदी हीच हद्द होती, पलीकडे त्या राजाचे शिपाई उभे होते. हुओतार पुढे झाला, टोपी काढून म्हणाला, "साहेब, मीच तुमच्या लोकांना ही वाट दाखवली."

"मग परतीचीही तुला माहीतच असेल," शिपाई म्हणाला.

तो उन्हाळा त्यांनी जंगलातल्या तळ्यांवर काढला. इतकी माणसं त्या तळ्यांनी कधी पोसली नव्हती. नाताळाआधीच मासा संपला. स्लेज म्हणजे बर्फगाड्या ओढणारे रेनडियर कापले, मग कुत्री गेली. एव्वानची धाकटी मुलगी उपासमारीतच गेली. हुओतार खड्डा खणायला गेला, तर एव्वानने त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली.

लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसांत, पंचायत बसली. गाव मोडायचं ठरलं. कुणी पूर्वेला नातलगांकडे निघालं, कुणी सरकारी मिठागरावर. कुठे जाणार असं हुओतारला कुणी विचारलं नाही.

एव्वानच्या स्लेजवर एकच जागा उरली होती.

"नास्ते, बस," तो म्हणाला.

"आणि हा?"

"पाय आहेत त्याला."

नास्तीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने होकाराची मान डोलावली, तिच्या गुडघ्यांवर कातडं नीट खोचलं आणि बाजूला झाला. ओढायला रेनडियर उरले नव्हते. एव्वानने आणि त्याच्या बायकोने दोर खांद्यावर घेतले. हुओतार मागून चालू लागला. वाऱ्याने बर्फ उडत होतं, आणि स्लेज हळूहळू पुढे जात होती.