पांढरीचे चोवीस दिवस

विश्वंभरनं खिशातून इंजेक्शनची बाटली काढली, तसा संतराम शेडाच्या दारात आडवा झाला.

"सरका दाजी. आमच्या म्हशीला दिलं तर तिसऱ्या दिवशी माजावर आली. ही डुकरीण आली माजावर, की समजायचं रिकामी हाय. तेराव्याच्या आत इकून टाकू. मंग तुमी चला माझ्यासंगं आमच्याकडं, जवळा बाजारला."

"हात लावू नको तिला."

"आक्का ग्येली आन् तुमी डुकरं धरून बसले. गाव काय म्हनंल?"

"गाव मागं बी म्हनत होतं. तुझ्या बहिनीनं ऐकलं का कवा?"

संतरामची बायको सुमनबाई जाऊन आठ दिवस झाले होते. हट्ट्याच्या शिवारातलं हे शेड तिनंच उभं केलं होतं. या डुकरिणीचं नाव तिनं पांढरी ठेवलं होतं, आणि पोटची लेक असल्यागत ती तिच्याशी बोलायची. पांढरीला नराकडं तिनंच नेलं होतं, आणि बरोबर बाराव्या दिवशी छातीत कळ येऊन सुमनबाई गेली. त्या दिवशी शेडाकडं कुणी फिरकलं नाही. पांढरी भुकेनं दिवसभर ओरडत होती. ती गाभण आहे का, हे सुमनबाईला कळलं असतं. संतरामला काही कळत नव्हतं.

शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर शेळ्यांना लस द्यायला डॉक्टरीण साधनाताई आल्या होत्या. संतरामच्या हाकेवर त्या आल्या, बाटलीवरचं नाव वाचलं आणि विश्वंभरकडं वळल्या.

"मामा, ही गाभण असली तर हे औषध तिचा गाभ पाडेल. मग ती माजावर येईल, आणि तुम्ही म्हणाल, बघा, रिकामीच होती."

विश्वंभरचं तोंड उतरलं. "मंग कळायचं कसं?"

"पिलं दहा-बारा दिवसांची झाली, की पोटातूनच एक रस सोडतात. आम्ही आलोत, अशी आईला खबर देतात. ती पोचली तर माज थांबतो. पण एक-दोन पिलांची हाक गर्भाशय ऐकत नाही, चार-पाच तरी पिलं लागतात. नाही पोचली, तर एकविसाव्या दिवसाच्या आगंमागं मादी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते."

"बाराव्या दिवशी उपाशी होती ती," संतराम खालच्या आवाजात म्हणाला. "आमी समदे मसनात होतो."

साधनाताईंनी बाटली विश्वंभरला परत दिली. "एका दिवसाच्या उपासानं गाभ जाईलच असं नाही. चोविसाव्या दिवसापर्यंत रोज सकाळी नर समोर आणा, हिच्या पाठीवर भार द्या. कान टवकारून दगडासारखी उभी राहिली, तर माजावर आली, म्हणजे रिकामी. निघून गेली, तर बरं. आणि जागा हलवू नका तिची."

दुसऱ्या सकाळपासून संतराम पाठीवर हात टेकू लागला. अंग दुखायचं. घरी आलं की चूल थंड, बाहेर बसायला आलेली माणसं, आणि प्रत्येकाचं तेच, जेवला का? नर जाळीपाशी फुरफुरायचा. एकविसाव्या दिवशी पांढरी सरकली. बाविसाव्या दिवशी क्षणभर थबकली. संतराम भार देऊन तसाच राहिला. मग तिनं त्याचा पायजमा हुंगला आणि निघून गेली. तेविसावा दिवसही असाच गेला.

चोविसाव्या दिवशी सुमनबाईचा तेरावा होता. दारात मांडव, पाव्हणे जमलेले, आणि संतरामचा पत्ता नाही. विश्वंभर शोधत शेडावर आला, तर दाजी दोन्ही हातांनी मादीच्या पाठीवर रेललेला. पांढरीनं कंबर हिसडली. संतराम शेणामुतात पालथा पडला, आणि ती डाळीचं भुसकट खात राहिली.

"दाजी! लागलं का?"

संतराम उठला नाही. हसत होता का रडत होता, विश्वंभरला समजेना.

"पोचली रं खबर. तुझ्या बहिनीनं केलेलं काम बसलं."

"उठा आता. गुर्जी खोळंबलेत. हात-पाय धुवा. आज समदं उरकलं की सांजच्याला निघू."

"अजून तीन म्हैने मला हलता येत न्हाई."

"तीन म्हैन्यानं येऊ का मंग न्यायला?"

संतराम जाळीला धरून उभा राहिला. गुडघ्यावरची घाण त्यानं पुसली नाही.

"तवा पिलं अंगावर पीत असतील," तो म्हणाला. "तवा तर मुळीच जमनार न्हाई."