लखलखीत नळी

मोठीबाईंच्या आधी त्यांचा आवाज भट्टीपाशी पोचायचा. ओतशाळा नवऱ्याने उभारली, पण तिथे पान हलायचं ते बाईंच्या हुकमाने. नवरा गेल्यावर मुलाला भट्टीपुढे उभं करून त्या कोळशाच्या पोत्यावर ठाण मांडून बसू लागल्या.

मुशीत जुनी अ‍ॅल्युमिनियमची पातेली वितळायला घातली होती.

"अजून रुसून बसलंय," त्या नव्या सुनेला म्हणाल्या. "कितीही जाळ घाल, सगळं पातळ होईपर्यंत नुसती आग गिळत बसेल, पण ताप काही वाढायचा नाही. जावई परवडला एक वेळ."

सून हसली नाही. तिने आणलेल्या भंगारावरून कालच बाईंनी तिची सालं काढली होती : "हा चिखल माझ्या मुशीत घालणार? माहेरी घासायला शिकवलं नाही वाटतं!"

पातेली विरघळली, रस चकाकू लागला. मुलाने भंगारातली पुढची नळी चिमट्यात उभी धरली. तिचं खालचं तोंड ठोकून बंद केलेलं होतं. नळी अगदी लखलखीत होती.

बाईंची नजर तिथेच अडकली. "काल माखलेली होती ना ही?"

"घासली, आई," सून मान ताठ करून म्हणाली. "सगळं भंगार सकाळी धुऊन काढलं. आता ठेवा नावं!"

धुतलं! बाई पोत्यावरून पुढे झुकल्या. नळी बाहेरून कोरडी दिसत होती, पण आत? शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण नवऱ्याचा डावा डोळा कशाने गेला ते पाहिलं होतं. चुलीवरचं पाणी आटायला वेळ घेतं. रसात बुडालेल्या पाण्याला तेवढी सवड कुठली? घोटभर पाण्याची घरभर वाफ होते, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि सगळा रस तोंडावर उडवून देते.

नळी मुशीवर आली होती. ओरडावं तर पोरगा दचकेल, चिमटा सुटेल.

"बाळा," त्या इतक्या हळू म्हणाल्या की सून चमकली. सासूचा हा आवाज तिला ठाऊकच नव्हता. "उभीच धर. तिरपी करू नको. तशीच मागे घे."

"का गं, काय झालं?"

"मागे घे, राजा. मागे."

तो पाऊल पाऊल मागे सरला. मुशीपासून पुरेसं लांब आल्यावर त्याने नळी उलटी केली. भट्टीलगतच्या तापल्या विटांवर गढूळ पाणी चर्रकन पसरलं, आणि जागच्या जागी वाफ होऊन गेलं.

मग मुलगा बायकोकडे वळला. "अगं, अक्कल गहाण—"

"तोंड आवर!" बाई कडाडल्या. "भंगार भट्टीच्या काठावर वाळवल्याशिवाय घालायचं नाही, हे तिला कोणी सांगितलं होतं? तू?"

त्यांनी सुनेचा हात धरून तिला पोत्यावर शेजारी बसवलं. हात काही सोडला नाही.

"आई, तुमचा हात कापतोय."

"थंडी वाजतेय मेली," धगधगत्या भट्टीसमोर बसलेल्या मोठीबाई म्हणाल्या.