टायमर वाजला तेव्हा

दुपारची जेवणं झाली की पार्लर खायला उठतं. सकाळी भुवया कोरायला पोरी येतात, संध्याकाळी नोकरीवरून परतणाऱ्या बायका डोकावतात, पण मधली दुपार म्हणजे नुसता पंखा आणि काकू. काकू म्हणजे पार्लरवाली. सगळ्या गल्लीची काकू, सख्खी कुणाचीच नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा लांबच्या शहरात. तो फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो, आणि ही काय जेवली ते सांगायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणतो. म्हणून दुपारभर काकू रेडिओ लावून ठेवायची. गाण्यांसाठी नाही हो. दोन गाण्यांच्या मधे एक माणूस बोलतो, त्याच्यासाठी.

त्याच दुपारच्या वेळी कधीमधी टाचणीबाई यायच्या. समोरच्या माडीवर शिलाई मशीन चालवायच्या. ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून हे नाव. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. पापण्या लांब आणि सरळसोट, चष्म्याच्या काचेला घासायच्या. दोन टाके घातले की काच पुसा, दोन टाके घातले की काच पुसा. "मी सुई कमी आणि फडकं जास्त चालवते," त्या म्हणायच्या. काकूच म्हणाली, चला, लॅश लिफ्ट करून टाकू. पापण्या अशा वर वळवून देते की काच म्हणेल कोण तुम्ही.

आता हे काम कसं, तर माणसाला आडवं करायचं, डोळे मिटायला लावायचे. पापणीवर रबराची बारीकशी गादी चिकटवायची आणि एकेक केस विंचरून तिच्यावर चढवायचा. मग पहिलं औषध, ते केस मऊ करतं. टायमर वाजला की ते पुसायचं आणि दुसरं लावायचं, ते वळण पक्कं करतं. पहिलं औषध जास्त वेळ राहिलं की संपलं. तापलेल्या इस्त्रीखाली लोकर करपावी तसा केस करपतो. काकूचा हात यात इतका बसलेला की चुकायचं काही कारणच नव्हतं.

पण डोळे मिटले की माणसाची जीभ सुटते. टाचणीबाई कधी नाही त्या आपल्या थोरल्या बहिणीबद्दल बोलायला लागल्या. दोघींनी लग्नं केली नाहीत, जन्म एका खोलीत काढला. गेल्या हिवाळ्यात थोरली गेली.

"अजून कडी लावताना हाक मारते मी," त्या म्हणाल्या. "आलीस का गं आत? अशी. मग लक्षात येतं."

"मग लावता कडी?"

"लगेच नाही. जरा थांबते."

टायमर वाजला तो नेमका तेव्हा. काकूनं हात लांब केला आणि तो बंद केला. मनात म्हणाली, एवढं वाक्य संपू दे. मग म्हणाली, पुढचं संपू दे. मग त्याच्या पुढचं.

त्या दिवशी उठताना पापण्या छान वळलेल्या दिसल्या. दोन दिवसांनी टाचणीबाई दारात उभ्या. चष्म्याच्या जागी कुणाचा तरी मागून आणलेला काळा गॉगल.

"काकू, काय करून ठेवलंत हो हे? आरशात बघितलं तर डोळ्यांवर दात घासायचे दोन जुने ब्रश!"

त्यांनी गॉगल काढला आणि काकू वाकून बघायला लागली. काही केस मागे वळून थेट कातडीला टेकलेले, काही एकमेकांत गुंतलेले. टोकं पिंजलेली. आणि दोन-चार आत वळून डोळ्याला टोचत होते. पाणी थांबत नव्हतं.

"सकाळपासून सुईत दोरा गेला नाही," टाचणीबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक बसलंय माडीवर."

"पडा. आधी टोचणारे सोडवते. आणि रडू नका."

"मी कशाला रडू? तुमचा केस रडवतोय."

काकूनं कापूस कोमट पाण्यात पिळून डोळ्यांवर ठेवला. केस मऊ झाल्यावर बारीक चिमट्यानं एकेक बाजूला काढला. शेजारच्या केसाच्या आधारानं बाहेर वळवला, गोंदाचा कणभर ठिपका देऊन बसवला. श्वाससुद्धा जपून घेत होती. ते झालं, पाणी थांबलं, टाचणीबाईंनी मोठा सुस्कारा सोडला.

"बाकीचे होतील का सरळ?"

आता खरी गोम इथं होती. पहिलं औषध पुन्हा लावलं असतं, केस खाली विंचरले असते, तर पापण्या तिथल्या तिथे सरळ दिसल्या असत्या. बाई आरशात बघून हसली असती. मग आठवडाभरात केस तुटून गळले असते आणि काकूला म्हणता आलं असतं, वय झालं की गळतातच हो. कुणाला कळणार होतं? खरं सांगितलं तर एवढं एक माणूस दुपारी यायचं तेही जाणार. तोंड पोळलेलं माणूस त्याच पेल्याला पुन्हा तोंड लावतं होय?

काकूनं बाटली उचललीसुद्धा. हलवलीसुद्धा. मग खाली ठेवली.

"औषधानं नाही व्हायचं हे," ती म्हणाली. "केस करपलेत. पुन्हा लावलं तर आहेत तेही जातील. रोज कोमट कापसानं शेकायचं, थेंबभर एरंडेल लावायचं, ब्रशनं खाली विंचरायचं. नवे येईपर्यंत धीर धरायचा. महिना-दोन महिने जातील."

"म्हणजे डोळ्यांत तेल घालून जगायचं म्हणा की."

"डोळ्यांत नाही, पापणीला."

"रोज इथं यायचं?"

हो म्हणायला काय जात होतं? शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता.

"नाही. घरी होतं हे. ब्रश देते मी." आणि तोंड उघडलंच आहे तर म्हणून काकू पुढं म्हणाली, "चूक माझीच. टायमर वाजला होता त्या दिवशी. मीच बंद केला. तुम्ही बहिणीचं बोलत होतात."

टाचणीबाई पडल्या होत्या तशाच पडून राहिल्या.

"मला ऐकू आला होता," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"बोलून काय? उठून घरीच जायचं होतं."

काकूनं तेलाची बाटली आणि ब्रश कागदात गुंडाळून हातात दिले. टाचणीबाई गॉगल लावून, भिंतीचा आधार घेत पायरी उतरल्या. रागावल्या होत्या की नव्हत्या, कळायला मार्ग नव्हता, डोळे काळ्या काचेमागे.

पुढल्या दुपारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढल्याही. समोरच्या माडीवर मशीन चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. थांबलं की काकू रेडिओचा आवाज बारीक करायची, पुन्हा चाललं की मोठा करायची. एके दिवशी पार्लरचं दार लावताना तिच्या तोंडून आपोआप निघालं, "आलीस का गं आत?" आणि ती स्वतःवरच चिडली. म्हणाली, काय दिवस आलेत, मारायला स्वतःची हाकसुद्धा नाही, तीही दुसरीची उसनी!

मग एका दुपारी पायरी वाजली. टाचणीबाई. कपाळ तेलानं चकचकतंय.

"घ्या तुमचा ब्रश," त्या म्हणाल्या. "चष्मा घातला तर पापणीपर्यंत पोचत नाही आणि काढला तर डोळा कुठाय ते दिसत नाही. काल भुवई विंचरून झोपले मी."

काकूला हसू आवरेना. "बसा खुर्चीवर. पटकन होईल."

खुर्चीवर खरंच झालं असतं. पण टाचणीबाईंनी चपला काढल्या, पडदा सारला आणि त्या आपल्या आपण पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. डोळे मिटले. काकूनं रेडिओ बंद केला. कापूस पिळून ठेवला, थोड्या वेळानं उचलला, तेल लावलं, विंचरायला लागली.

मागच्या खेपेला होतं नव्हतं ते सांगून झालं होतं. पंखा फिरत होता. ब्रशनं केस खाली यायचा, सोडला की पुन्हा वर वळायचा, काकू पुन्हा खाली आणायची.

"टायमर नाही लावलात?" टाचणीबाईंनी विचारलं.

"याला नाही लागत."

"बरंय," टाचणीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.