बक्षिसाचा पूल

मित्रांनो, मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा एक जुना पूल आहे. लांबी हातभर, पण थाट असा, की शाळेच्या काचेच्या कपाटात ढालींच्या शेजारी माझी जागा होती.

दर्यापूरजवळच्या एका लहानशा शाळेत चौथीच्या मुलांनी मला बनवलं. सीमा मॅडमची रीत न्यारी. आधी चित्र काढायचं, मग बांधायचं, मग विटा ठेवून मोडायचं. "कुठं मोडतो ते कळलं, की तिथं सुधारायचं," त्या म्हणत. बाकीचे पूल मोडले, सुधारले, पुन्हा उभे राहिले. माझी पाळी आली आणि मुख्याध्यापक गजेंद्र सर धावत आले.

"याले मोडू नका! हा अमरावतीच्या प्रदर्शनात जाईन."

मला बांधणारी आरती म्हणाली, "सर, याचा मधला जोड ढिला वाटते. एक वीट ठिवून पाहू द्या ना."

"चांगल्या कामात नाट लावून राहिली काय?"

मॅडमनी हातातली वीट खाली ठेवली. मला बक्षीस मिळालं, हार पडला, कुंकू लागलं आणि मी कुलपात गेलो. खरं सांगतो, मीही फुगलो होतो.

आरतीचे आजोबा नत्थुजी काचेतून मला बघायला येत. शेताच्या वाटेवरच्या नाल्यावर त्यांनी बाभळीच्या लाकडांचा पूल घातला, हुबेहूब माझ्यासारखा. मधला जोडसुद्धा तसाच.

"आबाजी, त्याच्यावर कोणी वजन ठिवलंच नाही," आरतीनं विनवलं.

ते हसले. "बक्षीस भेटलं त्याले. मंग खोट कशी राहीन, माय?"

पोळ्याच्या आधी नाल्याला पूर आला. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन नत्थुजी पुलाच्या मध्यावर पोचले आणि जोड सुटला. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह खालच्या बंधाऱ्याला अडकलेला सापडला.

तेरवी झाल्यावर आरती शाळेत आली. तिनं कपाटाची किल्ली मागितली आणि सरांनी मान खाली घालून दिली. तिनं मला दोन बाकांवर टेकवलं आणि वर वीट ठेवली. मी मधल्या जोडातच मोडलो. एका विटेत. मॅडमना तिथं उभं राहवेना.

आता त्याच कपाटात मी दोन तुकड्यांत पडून आहे. 'वस्तूंना जपा' असं आत्मकथेच्या शेवटी माझ्यासारख्या सगळ्या वस्तू सांगतात. मी कोणत्या तोंडानं सांगू? मित्रांनो, तुमच्या हातून काही छान घडलं, तरी आधी त्यावर वीट ठेवून बघा. मोडलं तर रडू नका. वर्गात मोडलेला पूल कोणाच्या आजोबांना नेत नाही.